लेकरांना घेऊन समुद्रकाठी तंबूत: मुंबईकर आईबाबा वारंवार विचारतात ते प्रश्न

मोठी तीन वर्षांची असल्यापासून आम्ही दर हिवाळ्यात एकदा तरी किनाऱ्यावर तंबूत राहायला जातो. आता ती नऊची आणि धाकटा चारचा. मुलुंडहून निघायचं आणि दोन रात्री राहून परत यायचं, एवढाच आमचा आवाका. सोसायटीतून, शाळेच्या ग्रुपवरून, ऑफिसातून तेच तेच प्रश्न येत राहतात. दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ५ आणि ६ वाचाच.

१. आमचं बाळ दहा महिन्यांचं आहे. इतक्या लहान मुलाला न्यावं का?

नेता येतं, पण माझं मत विचाराल तर थांबा. रांगणारं मूल वाळू हातात घेतं ती थेट तोंडात घालतं, आणि दोन दिवस तुमचं तेवढंच काम होऊन बसतं. नीट चालायला लागलेलं आणि "नको" म्हटल्यावर निदान क्षणभर थबकणारं मूल असलं की सहल सहल वाटते. आमच्याकडे ते वय साधारण तीन होतं. त्याआधी जायचंच असेल तर किनाऱ्याजवळच्या वाडीतल्या घरगुती खोलीत राहा आणि संध्याकाळपुरते वाळूवर या. बाळाला काहीच कमी पडत नाही, तुम्हालाही.

२. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात तंबू सकाळी आठलाच भट्टी होतो आणि मार्चपासून पुन्हा घामाच्या धारा सुरू. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही. ३१ डिसेंबरच्या आसपास जाऊ नका. गर्दीचं एक वेळ चालतं, पण रात्री दोनपर्यंत वाजणारा डीजे आणि झोपेला आलेलं चार वर्षांचं पोर हे जुळत नाही.

३. पहिल्यांदाच जातोय. मुंबईहून कुठे जावं?

अलिबागच्या बाजूला किहीम, आक्षी, नागाव, रेवदंडा. उत्तरेला केळवे. या सगळ्या ठिकाणी सुरूची झाडी आहे, म्हणजे दुपारची सावली मिळते, आणि किनारा बराच सपाट आहे. नागावला वॉटर स्पोर्ट्‌सची वर्दळ फार. मुलं मागे न बघता धावतात, त्यामुळे तिथे राहायचं तर गर्दीच्या पट्ट्यापासून बाजूला जागा घ्या.

काशीद फोटोत सगळ्यात सुंदर दिसतं, पण तिथे किनारा पटकन खोल होतो आणि लाट अंगावर फुटते. मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मी काशीद बाजूला ठेवलंय. बोर्डी-डहाणूकडे ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की मुलं विचारतात, "समुद्र कुठे गेला?" त्याचा अर्थ काय ते प्रश्न ५ मध्ये.

जुहू, वर्सोवा, आक्सा इथे तंबू लावायचा विचारसुद्धा करू नका. आक्साला तर पाण्यातही उतरू नका. तिथे बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

४. बोटीने जावं की गाडीने?

केळव्याला लोकल बरी. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. केळवे रोडला उतरायचं आणि पुढे रिक्षा. अलिबागला गेटवेहून मांडव्याची बोट साधारण तासाभराची आहे आणि पुढच्या बसचे पैसे बहुतेक तिकिटातच धरलेले असतात. मुलांसाठी ती बोट म्हणजेच अर्धी सहल, कारण सीगल मागे लागतात. सकाळची बोट घ्या, दुपारनंतर वारा वाढतो आणि बोट हलते. उलटी होणाऱ्या मुलाला खालच्या मजल्यावर मधोमध बसवा.

सामान जास्त असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, गाडी बोटीत घालून मांडव्याला उतरायचं. रस्त्याने जायचं तर २०२४ ला अटल सेतू झाल्यापासून शहराबाहेर पडणं सोपं झालंय, पण परतीच्या रविवारी संध्याकाळी वडखळला अडकलात की सेतूने वाचवलेला वेळ तिथे जातो. आम्ही रविवारी जेवण न करताच अकराला निघतो.

५. तारीख कशी ठरवायची? आम्हाला शनिवार-रविवारच जमतो.

शनिवार कुठला, ते तिथी बघून ठरवा. कालनिर्णय काढा आणि कोळीवाड्यातला जुना हिशोब करा: तिथीची पाऊणकी. तिथीचा आकडा तिनाने गुणायचा, चाराने भागायचा, जे येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणकी सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणकी सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आधी. दोन्हींच्या मध्ये, साधारण सहा तासांनी, पूर्ण ओहोटी. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघायच्या आधी त्या गावचं भरतीचं कोष्टक मोबाइलवर बघून घ्याच. पण पुढच्या तीन महिन्यांतले शनिवार चाळायला पाऊणकी पुरते.

वेळेइतकंच महत्त्वाचं, भरती केवढी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. मुंबईच्या किनाऱ्यावर हा फरक साडेचार मीटरच्या वर जातो, म्हणजे दीड मजला. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती असते, तेव्हा पाणी थोडंसंच वरखाली होतं.

लहान मुलं असतील तर मी अष्टमी ते दशमीचा शनिवार शोधते. संध्याकाळी सहा-साडेसातला भरती असते, पाणी तंबूपासून चालत जाण्याइतकं जवळ येतं पण उधाण नसल्यामुळे चढत नाही. मध्यरात्री ओहोटी, त्यामुळे झोप लागते. शुक्ल पक्ष असेल तर मुलं झोपेपर्यंत चांदणं मिळतं. वद्य पक्ष असेल तर चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो आणि संध्याकाळी आकाश ताऱ्यांनी भरलेलं असतं. दोन्हीत मजा आहे.

लोक नेमके पौर्णिमेलाच जातात, कारण "चांदण्यात समुद्र". दिसतो छान, नाही म्हणत नाही. फक्त संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी असते, मुलं पाण्याच्या मागे मागे लांब जातात, आणि मध्यरात्री समुद्र तंबूच्या दारात असतो. त्याचा अनुभव पुढच्या उत्तरात.

६. तंबू नेमका कुठे लावायचा?

किनाऱ्यावर वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या आणि दुर्दैवाने प्लॅस्टिक यांची एक रेघ दिसते. ती गेल्या भरतीची रेघ. "रेघेच्या वर तंबू" हा नियम सगळ्यांना माहीत असतो, आणि त्यातच फसायला होतं.

आम्ही एकदा चतुर्दशीला गेलो, दोन रात्रींसाठी. कॅम्पवाल्याने तंबू रेघेच्या दहा-बारा पावलं वर लावले होते. पहिली रात्र निवांत गेली. दुसऱ्या रात्री साडेअकराला मला पाठीखाली गार लागलं. आधी वाटलं धाकट्याने ओलं केलं. टॉर्च लावला तर तंबूच्या एका कोपऱ्यात पाणी आणि त्यात माझी चप्पल गोल गोल फिरत होती. नवऱ्याने मुलांना अंथरुणासकट उचललं, मी बॅगा ओढल्या. कॅम्पवाला म्हणाला, "ताई, असं कधी होत नाय." होतं. दर पंधरा दिवसांनी होतं.

चुकलं ते हे: पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ येत असते तेव्हा रोजची भरती आदल्या दिवशीच्या भरतीपेक्षा वर चढते. म्हणजे तुम्हाला दिसणारी रेघ कालची आहे, आजचं पाणी तिच्या पुढे येणार. दुसरं, हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते (पावसाळ्यात उलट), त्यामुळे दुपारची ताजी ओली रेघ बघून रात्रीचा अंदाज करू नका. तंबू वाळूवर नकोच. सुरूच्या झाडीत, जिथे जमिनीवर गवत किंवा वेल उगवलेत तिथे लावा. समुद्राचं पाणी पोचतं तिथे गवत टिकत नाही.

आणि नारळाखाली कधीच नाही. नारळ पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सुकलेली झावळही तेवढीच जड असते आणि वाऱ्याच्या एका झोताने येते.

७. मुलांना पाण्यात किती आत सोडायचं?

मुलाच्या गुडघ्यापर्यंत, तुमच्या नव्हे. मोठं माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहायचं, किनाऱ्याकडच्या नाही. हात मनगटाला धरा. ओला तळवा लाटेत सटकतो, मनगट सटकत नाही. ओहोटी लागली की पायाखालची वाळू सरकायला लागते आणि पाणी आत ओढतं, तेव्हा पाण्यातला खेळ बंद, वाळूतला चालू.

हवेने फुगवायच्या ट्यूब आणि बदकं घरी ठेवा. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच. ट्यूबमधलं मूल त्या वाऱ्याने गुपचूप आत जातं. लाइफ जॅकेट न्या, पण मुलाच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून येतं. दोन खांद्यांना धरून उचलून बघा, हनुवटीवरून कानापर्यंत सरकलं तर ते माप चुकीचं.

८. "मी बघतेय" म्हणणारे चार जण असताना मुलगी पाच मिनिटं दिसली नाही. यावर काही उपाय?

हा प्रश्न तीन वेगवेगळ्या आयांनी विचारलाय, म्हणून वेगळा लिहिते. चार जण बघतात तेव्हा कोणीच बघत नसतं. आमच्याकडे एक लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर ती, त्याचं पाण्याकडे लक्ष. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, अर्ध्या तासाने टोपी दुसऱ्याकडे. सासरे सुरुवातीला हसले, आता तेच टोपी मागून घेतात. मुलांना निळे, पांढरे, गडद हिरवे कपडे घालू नका, पाण्यात दिसत नाहीत. भडक नारिंगी किंवा पोपटी बरे. मूल हरवलं तर आधी पाण्याच्या रेषेवर शोधा, मग बाकी सगळीकडे.

९. स्वतःचा तंबू घेऊन कुठेही लावला तर चालतो का?

किनारा मोकळा दिसला तरी कोणाच्या तरी अखत्यारीत असतो. ग्रामपंचायतीत आणि पोलिस ठाण्यात विचारल्याशिवाय रात्रभर मुक्काम करू नका. मुलं सोबत असताना रात्री एकला कोणी येऊन "उठा" म्हणणं परवडत नाही. सोपा मार्ग म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाजगी वाडीत मालकाला विचारून जागा घेणं. पाणी आणि संडासही मिळतो. तयार कॅम्प घेत असाल तर पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का ते विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यात नोंदणी आहे. गाडी वाळूत उतरवू नका. दंड तर आहेच, पण उधाणाच्या भरतीत रुतलेल्या गाडीचं काय होतं ते मी पाहिलंय.

१०. रात्री थंडी वाजते का? काय काय न्यायचं?

थंडीपेक्षा दव. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर वाळत घातलेला टॉवेल पिळता येईल इतका भिजतो. तंबूला वरचं दुसरं कापड लावाच, आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर तुमच्याच श्वासाचं पाणी आतून टपकतं. रात्री वारा जमिनीकडून येतो म्हणून दार समुद्राकडे केलं तर झोत आत येत नाही.

न्यायचं सामान: जाड सतरंजी (गार जमिनीवर गादीपेक्षा हिचाच उपयोग), प्रत्येक मुलाला कानटोपी, झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून, कारण दिवसभराचे सगळे ओले होणार. प्रत्येकाला स्वतःचा टॉर्च. आणि रोख पैसे. किनाऱ्यावर नेटवर्क गेलं की जीपे हात वर करतं.

११. डास आणि वाळूतल्या माश्यांचं काय करायचं?

संध्याकाळी साडेपाचला पूर्ण हातापायांचे सुती कपडे घालायचे, हा अर्धा उपाय. वाळूतल्या माश्या बारीक असतात, घोट्याला चावतात आणि खाज दोन दिवस राहते, त्यामुळे मोजे घाला. मलम लावताना मुलाच्या तळहाताला आणि डोळ्यांभोवती लावू नका. निलगिरीच्या लिंबू वासाच्या तेलाचं मलम तीन वर्षांखालच्या मुलांना नको. बंद तंबूत कॉइल लावायची नाही. धूर आणि नायलॉन, दोन्ही घातक.

१२. जेवणाचं काय? मुलं मासे खात नाहीत, मसाला तर नाहीच.

वाडीतल्या मावशींना आदल्या दिवशी फोन करून "मुलांसाठी वरणभात, बटाट्याची भाजी, तिखट नको" एवढं सांगितलं की होतं. स्वतः सगळा स्वयंपाक करायचा हट्ट धरू नका, सहल तुमचीही आहे.

पण एक गोष्ट करा. डिसेंबर-जानेवारीत रायगडात असाल तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लावायला सांगा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, वर पुन्हा पाला गच्च. पाणी थेंबभर नाही. मडकं जमिनीवर उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन लगेच उडून जातं, म्हणजे झाली. मुलांचा भाग बिनतिखट, वेगळ्या पाल्यात बांधून घालता येतो. माझा मुलगा घरी वालाला हात लावत नाही. तिथे शेंगा सोलून दोन वाट्या दाणे खाल्ले, हाताला राखेचा वास आणि नाकाला काळं. घरी आल्यावर पुन्हा वाल नको. असो.

१३. शेकोटी करता येते का?

मालकाने दाखवलेल्या जागीच. सुरूच्या वाळलेल्या काड्यांचा जमिनीवर थर असतो, ठिणगी पडली की भडकतो. सगळ्यात मोठी चूक विझवताना होते. लोक निखाऱ्यावर वाळू लोटून झोपायला जातात. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगत राहतो आणि वरून काहीच दिसत नाही. सकाळी अनवाणी धावणारं मूल नेमकं त्यावर पाय देतं. बादलीभर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि जागेभोवती काठ्या रोवून ठेवा. भाजलंच तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

१४. संडास आणि डायपर?

जागा ठरवताना संडासाचा फोटो मागवा, समुद्राचा नको. समुद्र कसा असतो ते माहीत आहे. रात्रीसाठी मुलांचं छोटं पॉट न्या. वापरलेले डायपर वाळूत पुरायचे नाहीत, कुत्री उकरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मुंबईला परत आणायचे. ऐकायला कसंतरी वाटतं, पण त्या वाळूत दुसऱ्यांची मुलं किल्ले करणार असतात.

१५. जेलीफिश किंवा साप चावला तर?

निळ्या पिशवीसारखे जेलीफिश मुख्यतः पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, हिवाळ्यात क्वचित. वाळूत मेलेला दिसला तरी हात लावू देऊ नका, तंतू मेल्यावरही डंख करतात. डंख झाला तर चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा, मग आपल्या हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवून ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले तर थेट दवाखाना.

कोकणात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. अंधारात टॉर्चशिवाय आणि अनवाणी फिरायचं नाही, सकाळी बूट झटकून घालायचे, तंबूची चेन कायम बंद. चावलाच तर आवळपट्टी नाही, काप देणं नाही. मुलाला हलू न देता उचला आणि १०८ ला फोन करा. प्रतिसर्पविष कुठे मिळेल ते जायच्या आधीच विचारून ठेवा. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, केळव्याहून पालघर जवळ.

१६. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जाता येतं म्हणतात. मुलांना न्यावं का?

जरूर. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात बांधायला घेतलेला आणि संभाजी महाराजांच्या वेळी पुरा झालेला हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोरच आहे. चारी बाजूंना खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे, मुलांना ती दाखवाच. पण पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळलं की परत फिरा. फोटो काढत बसलेली माणसं दरवेळी अडकतात आणि मग कमरेएवढ्या पाण्यातून मुलांना खांद्यावर घेऊन येतात. एक अडचण: प्रश्न ५ प्रमाणे अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी ऐन दुपारी बारा-एकला येते आणि भांग असल्यामुळे पाणी पूर्ण हटेलच असं नाही. तेव्हा घोडागाडीने जा किंवा किल्ला पुढच्या वेळेसाठी ठेवा.

१७. डिसेंबरात पाऊस येतो का? बुकिंग रद्द करावं लागलं तर?

येऊ शकतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळामुळे मुंबईतल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा. मच्छिमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा असेल तर तो तुम्हालाही आहे. पैसे परत मिळण्याबद्दल बुकिंग करतानाच मेसेजमध्ये लिहून घ्या. तोंडी "बघू की ताई" याचा अर्थ नाही असाच होतो.

१८. रात्री दोनला मूल उठून "घरी जायचं" म्हणून रडायला लागलं तर?

लागतंच. पहिल्या रात्री हमखास. घरची उशी किंवा रोजची गोधडी आठवणीने न्या, नवीन झोपायची पिशवी मुलाला परकी वाटते. जायच्या आदल्या शनिवारी हॉलमध्ये तंबू लावून तिथे झोपा. समुद्राचा आवाज रात्री दिवसापेक्षा मोठा वाटतो, तोही आधीच सांगून ठेवा. तरी रडलंच तर तंबूत गप्प करत बसू नका, बाहेर या. माझी मुलगी अशीच रडत बाहेर आली होती, तेव्हा एक खेकडा आमच्या चपलेभोवती चक्कर मारत होता. ती उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिली आणि तशीच मांडीवर झोपली.

१९. आणि वाळू? अंगाची, केसांची, गाडीतली?

ओली वाळू घासून निघत नाही. आधी सुकू द्या, मग बेबी पावडर भुरभुरून कापडाने झटका, सरकन निघते. गाडीतली निघत नाही. आमच्या गाडीत २०१९ ची अजून आहे.